सांधणघरातला हूं

त्या राज्यात वाद्ये तारांनी बोलत आणि हत्यारे कामाने. ज्याच्या अंगावर तार असे, त्याला मत असे. ज्याची तार तुटे, तो नवी तार मिळेपर्यंत दुसऱ्यांचे ऐकून घेई आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

नखी दूरदेशी शिकून परत आली, तेव्हा तिला वाटले होते की सांधणघर वेशीपासूनच ऐकू येईल. तडकलेल्या सतारी कण्हत असतील, सारंग्या एकमेकींची विचारपूस करत असतील, एखादे तुणतुणे सकाळपासून एकच तक्रार लावून बसले असेल, आणि त्या गलक्यात हत्यारे एकेकापाशी थांबून कान देत असतील. ती जिथे शिकली तिथे असेच होते. मोडलेल्यांचे घर तिथे बाजारापेक्षा मोठ्याने बोलत असे.

प्रत्यक्षात ती सांधणघरासमोर उभी राहिली, तेव्हा आपण चुकून सुट्टीच्या दिवशी आलो की काय, असे तिला वाटले. आत वाद्ये ओळीने टेकवून ठेवली होती. प्रत्येकाखाली मऊ कापड होते, प्रत्येकावरची धूळ पुसलेली होती, खिडक्यांतून येणारे ऊन कुणाच्या भोपळ्यावर पडू नये म्हणून पडदे ओढलेले होते. इतकी माया तिने परदेशातही पाहिली नव्हती. फक्त एकाच्याही अंगावर तार नव्हती.

नखी म्हणजे पोलादी तारेला पीळ देऊन केलेली, नखाएवढीच चीज. तारेला छेडून बोलते करणे हे तिचे एकमेव काम. तारच नाही म्हटल्यावर ती त्या घरात नेमकी कशासाठी आली होती, हे तिला पहिल्या दिवशी कळेना.

सांधणघराची रीत अशी होती. दारात पकड बसलेली असे. येणाऱ्याच्या खुंट्या ती सैल करी, तारा उतरवी, त्यांचे वेटोळे करून दारामागच्या खिळ्यांवर अडकवी. तिचा चिमटा हलका होता. "जाताना मिळतील हं," असे ती प्रत्येकाला प्रेमाने सांगे. मिळतही. पण एका खिळ्यावर पाच-सहा जणांची वेटोळी असत, त्यामुळे बरे होऊन घरी गेलेली एखादी सतार काही दिवस दिलरुब्याच्या आवाजात बोले आणि घरचे म्हणत, आजारपणाने माणूस बदलतो बघा.

काम सुरू करण्यापूर्वी विचारायची पद्धत मात्र होती, आणि सांधणघराला तिचा अभिमान होता. रोज सकाळी नदीकडचे मोठे दार उघडून सगळी हत्यारे आत येत. सर्वांत पुढे कानसबाई. ती त्या घराची थोरली. तिचे दात बरेचसे झिजले होते, पण कुठल्या लाकडाला किती सोसवेल हे तिला स्पर्शाने कळे. वाद्यापुढे ती थांबे, मान तुकवी आणि विचारी, "सुरू करू ना?" वाद्याच्या पोटातून खोल, संथ आवाज येई: "हूं." मग काम सुरू होई.

नखीने तिथे रुजू झाल्यावर लवकरच एक भाषण केले. भाषण चांगले होते. आपल्याला काय झाले आहे हे जाणून घेण्याचा प्रत्येक वाद्याला अधिकार आहे, ती म्हणाली. काय करणार, त्याने काय साधेल, काय गमावेल, दुसरा मार्ग कोणता, हे सगळे त्याला त्याच्या सुरात सांगायला हवे. नको म्हणण्याचा अधिकार आहे. आपले माणूस जवळ असण्याचा अधिकार आहे. आपल्या भेगेची चर्चा अंगणात होऊ नये, हाही. बोलताना ती इतकी तापली की तिच्या पिळातून बारीक झंकार येऊ लागला.

हत्यारांनी शांतपणे ऐकून घेतले. भाषण संपल्यावर सरसाने हात वर केला. सरस हा घरातला सर्वांत मायाळू. दिवसभर मंद आचेवर बसलेला आणि ज्याच्याजवळ जाई त्याला चिकटणारा.

"नखीताई, तिकडं हवा कोरडी असते का हो?"

"असते. का?"

"नाही, मी तिकडं टिकेन का, ते बघत होतो."

सगळे हसले. कानसबाईही हसली, पण तिने नखीला जवळ घेतले. "पोरी, तू एवढीशी होतीस तेव्हा तुझी टोकं मीच घासली. नाहीतर तू जिच्यावर बसशील तिला ओरबाडलं असतंस. तुझं बोलणं मला पटतं. पण आपण विचारतो की. रोज विचारतो. आणि तुला सांगते, आजवर एकानंही नाही म्हटलेलं नाही."

हे कौतुकाने सांगितलेले वाक्य नखीच्या मनात रुतून बसले. ती शिकली तिथे निम्मे जण नाही म्हणत, काही जण उद्या या म्हणत, आणि एका खडूस सारंगीने तर, तुमच्याहून थोरली कानस कुठे राहते, असे तोंडावर विचारले होते. इथे एकानेही नाही म्हटले नव्हते. एवढा समजूतदारपणा एका राज्यात कुठून आला, हे तिला समजेना.

त्यानंतर काही दिवसांनी एक तंबोरा आला.

तो एकटा आला नव्हता. तंबोऱ्यांची जोडी असते. एकाच वेलावरचे दोन भोपळे निवडून, एकाच झाडाच्या लाकडाचे दोन दांडे करून ती घडवतात, आणि पुढे जन्मभर दोघे गाण्याच्या मागे शेजारी शेजारी बसतात. हा तंबोरा आपल्या तंबोरीला घेऊन आला, की तंबोरी त्याला घेऊन आली, हे गाडीतून उतरताना सांगणे अवघड होते, कारण दोघे एकमेकांना टेकले होते. त्याच्या भोपळ्याला बाजूने एक लांब भेग गेली होती.

पकड लगबगीने पुढे झाली. तंबोरा घुमत घुमत बोलत होता, सावकाश, जसे म्हातारे तंबोरे बोलतात. "नमस्कार. भेग तेवढी सांधायची आहे. आणि आमच्या घोडीचं जरा—"

खुंटी सैल झाली. वाक्य तारेबरोबर ओघळले.

"जाताना मिळतील हं," पकड म्हणाली आणि वेटोळे घेऊन दारामागे गेली.

घोडी म्हणजे तबलीवरची, भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी झाकणावरची, ती हाडाची छोटी पाटी, जिच्यावर तारा टेकतात. तंबोऱ्याचा आवाज कसा घुमेल हे तिच्यावर ठरते. या तंबोऱ्याच्या घोडीवर इतकी वर्षे तारा वाजल्या होत्या की तिथे खोल चर पडले होते. कानसबाईने त्याला तपासताना त्या चरांवरून अंग फिरवले आणि तिचा जीव कळवळला.

"अगं बाई, केवढे हे चर. कसं सोसलं असेल. उद्या सकाळी हे सगळं सपाट करू. अगदी कोरी घोडी. भेगेचं त्यानंतर. एकदा सरस लावला की याला हलवायचं नाही, म्हणून घोडी आधी."

"ते घोडीबद्दल काहीतरी सांगत होते," नखी म्हणाली.

"हो ना. मग घोडीचंच करतोय की."

"काय सांगत होते ते कुठं कळलं?"

"पोरी, घोडीला चर पडलेला म्हातारा घोडीबद्दल दुसरं काय सांगणार?"

तंबोरा ओळीत टेकवला गेला. त्याच्याखाली दोन पदरी कापड घातले गेले. पडदा ओढला गेला.

तंबोरीला आत यायची परवानगी नव्हती. तारा लावलेले कुणी आत आले की बिनतारांच्यांना आपल्या तारा आठवतात आणि लाकूड शहारते, अशी घराची समजूत होती. ती फाटकाबाहेर करंजाच्या झाडाखाली बसून राहिली. सरस मधूनमधून बाहेर जाई आणि सांगे, "सगळं छान आहे हं." तिसऱ्यांदा तो असे म्हणाला तेव्हा तंबोरीने विचारले, "छान होतं तर आम्ही आलो कशाला?" सरस जागच्या जागी घट्ट झाला आणि परत आला.

मग नखी बाहेर गेली. ती तंबोरीच्या तारेवर अलगद बसली, आणि या राज्यात परतल्यापासून पहिल्यांदाच तिला आपले काम हाती लागल्यासारखे वाटले.

"काय करणार आहेत ह्यांचं?" तंबोरीने विचारले.

नखीने सांगितले. भेग सांधणार. त्याआधी उद्या सकाळी घोडी घासून सपाट करणार.

तंबोरी बोलली तेव्हा तिचा पंचम किंचित उतरला होता. "ते चर आम्ही दोघांनी मिळून पाडलेत. माझ्या घोडीवर बघ, तसेच आहेत. ते बोलायला लागले की मी त्यांच्या आवाजात शिरते, मी लागले की ते माझ्यात शिरतात. गवयाला दोघांतला कोण कुठला हे ओळखू येत नाही. सपाट केलं तर आवाज येईल, चांगला येईल, पण तो कुणा परक्या पुरुषाचा. मी त्याच्याशेजारी बसू कशी?"

"ते उद्या नाही म्हणतील."

"ते?" तंबोरी मनापासून हसली. "घरात जन्मात कशाला नाही म्हटलं नाही. काहीही विचारा, हूं. माझ्या माहेरी जायचंय, हूं. यंदा गवसणी नवी करायची, हूं."

"मग इथंही तेच म्हणतील की."

"घरचा हूं वेगळा असतो, मुली. त्यात तार असते. कुठला हूं हो आहे आणि कुठला 'बघू नंतर' आहे, हे मला कळतं. इथं ते मी नसताना काय म्हणतात, ते मला काय ठाऊक?"

"ते 'घोडीचं जरा' एवढंच म्हणाले आणि तार उतरली."

"घोडीचं जरा सांभाळा, म्हणत असणार. दुसरं काय?"

नखीचे रक्त, जर नखीला रक्त असते तर, उसळले असते. ती म्हणाली, "मी घोडीला हात लावू देणार नाही. माझा शब्द."

तंबोरीने तिच्याकडे पाहिले. "तू गुणाची आहेस," एवढेच ती म्हणाली.

नखी तावातावाने अंगण ओलांडून परत निघाली आणि जवळची वाट म्हणून नदीकडच्या मोठ्या दाराने आत शिरली. दाराला लागून कोठीची भिंत होती. तिथे एक कोरा भोपळा टांगलेला होता. वेलावरून उतरवून वाळवलेला, देठापाशी भोक पाडलेला. त्याचे अजून काहीच झाले नव्हते. त्याला दांडा नव्हता, खुंटी नव्हती, तार तर कधी दिसलीही नव्हती. नखीने दार लोटले तशी नदीवरची झुळूक तिच्यामागून आत आली.

"हूं," कोरा भोपळा म्हणाला.

नखी थबकली. तिने दार लावून घेतले. शांतता. तिने दार पुन्हा उघडले.

"हूं."

ती कानसबाईला, सरसाला आणि पकडीला बोलावून घेऊन आली. त्यांना भोपळ्यासमोर उभे केले आणि स्वतः दाराच्या कडीवर जाऊन बसली.

"मी विचारते, तुम्ही ऐका." तिने दार किलकिले केले. "भोपळेराव, तुम्हाला नदीत सोडून देऊ का?"

"हूं."

सरस खो खो हसला. "मला विचारू द्या, मला विचारू द्या. भोपळेराव, तुमची भाजी करू?"

"हूं."

"मीठ जास्त घालू?" पकडीने विचारले. ती सहसा विनोद करत नसे.

"हूं."

"आणि पकडीशी तुमचं लग्न लावून देऊ?"

"हूं," भोपळा म्हणाला, आणि पकड दोन्ही जबडे मिटून लाजली.

हसता हसता सरसाची नजर आतल्या ओळीकडे गेली. दार उघडेच होते. झुळूक कोठीवरून पुढे आत पसरत होती आणि ओळीतल्या एकेका वाद्यापाशी पोहोचत होती. ज्याच्या भोपळ्याला भेग होती, ज्याची तबली उकललेली होती, त्याच्या त्याच्या पोटातून खोल, संथ आवाज येत होता. कुणी काही विचारलेले नव्हते. "हूं," सतार म्हणाली. "हूं," तिच्यापलीकडचा दिलरुबा म्हणाला. "हूं," तंबोऱ्याची भेग म्हणाली.

सरसाचे हसू थिजले. पकड हळूच दारामागे गेली आणि खिळ्यांवरच्या वेटोळ्यांकडे बघत राहिली.

कानसबाई जाऊन आपल्या कोनाड्यात आडवी झाली. नखी तिच्यामागे गेली. आपण जिंकलो, असे तिला वाटत होते, आणि जिंकल्यावर जसे वाटायला हवे तसे मुळीच वाटत नव्हते.

"माझ्या आधी इथं तारा काढत नसत," कानसबाई म्हणाली. "तुला वाटत असेल, आम्हाला ऐकायचं नव्हतं म्हणून काढल्या. एक सारंगी आली होती. मानेला चीर गेलेली. पण काय बोलायची. तिनं मला सगळं सांगितलं, कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, कोणत्या सुराला जास्त दुखतं. मी ऐकत राहिले, इतकं गोड बोलत होती. आणि तिच्या त्या सगळ्या तारा तिची मान ओढत होत्या. माझ्यासमोर, बोलता बोलता, मान मोडली. वाक्यसुद्धा पुरं झालं नाही. मग मी ठरवलं. आधी ताण उतरवायचा. बाकीचं मागून."

"मागून कधी विचारलं?" नखीने विचारले. या वेळी तिच्या आवाजात भाषण नव्हते.

"बरे झाले की आपल्या घरी जात. तिथं विचारत असतील त्यांना." कानसबाईने कुशी बदलली. "आणि हूं म्हणायचे ना. मला बरं वाटायचं."

मग नखीने हळूच विचारले, "सगळ्या तारा ताणल्या तर मान मोडेल. एकच तार लावली तर? अगदी सैल. बोलण्यापुरती."

कानसबाईने मनातल्या मनात लाकूड चाचपले. "एक सोसेल," ती म्हणाली. "ताठ नको. मी शेजारी बसेन."

तंबोऱ्याची तार शोधायला पकड दारामागे गेली आणि रिकामी परत आली. खिळ्यावरच्या वेटोळ्यांत त्याची कोणती, हे तिलाच सांगता येईना, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्याची शरम वाटली. तेव्हा नखी फाटकाबाहेर गेली. तिने तंबोरीला सांगितले, त्यांना बोलायला एक तार हवी आहे.

तंबोरीने विचारलेसुद्धा नाही. "माझी मधल्या जोडीतली एक तार घ्या," ती म्हणाली. "दोघांच्या एकाच मापाच्या आहेत." तार उतरल्यावर तिचा आवाज अर्धा झाला. त्या अर्ध्या आवाजात तिने नखीला बजावले, "त्यांना म्हणावं, घाबरू नका, ती पोरगी घोडीला हात लावू देणार नाही."

संध्याकाळचे ऊन पडद्याखालून आत आले होते तेव्हा तंबोऱ्यावर तार चढली. पकडीने खुंटी जेमतेम फिरवली. कानसबाई भेगेला पाठ लावून बसली, काही उकललेच तर आधी आपल्याला कळावे म्हणून. सरस भांड्यातून वाकून बघत होता. नखीने तार छेडली.

तार सैल होती. आवाज लटपटत आला, जणू कुणी झोपेतून बोलत आहे.

"ती उन्हात बसलीय का?" तंबोऱ्याने विचारले.

"करंजाखाली आहेत," सरस म्हणाला. "सावली आहे. म्हणजे, होती. मी बघून येतो." तो भांड्यासकट निघाला होता; पकडीने त्याला थांबवले.

"भोपळ्याला ऊन सोसत नाही तिच्या," तंबोरा म्हणाला. मग म्हणाला, "माझं वाक्य राहिलं होतं."

"घोडीचं जरा," नखी पुढे सरसावली. "तुम्ही म्हणत होतात, घोडीचं जरा सांभाळा. मी यांना सांगितलंय. तंबोरीकाकूंना शब्द दिलाय मी. घोडीला कुणीही—"

"घोडीचं जरा बघा," तंबोरा म्हणाला.

नखी तारेवरच स्तब्ध झाली.

"बघा, असं म्हणत होतो. तार चरात बुडते आताशा. मी घुमतोय असं मला वाटतं, पण बाहेर काही जात नाही. बैठकीत माझा आवाज पडतो आणि ही आपला आवाज वाढवून तो झाकते. तिला वाटतं, मला कळत नाही." तार क्षणभर नुसतीच थरथरली. "ती थकते, हे मला दिसतं. म्हणून भेगेच्या निमित्तानं आलो. भेगेचं तिला सांगता आलं. घोडीचं नाही आलं."

कानसबाईचा चेहरा उजळला. "म्हणजे मी म्हणत होते तेच. उद्या सकाळी अगदी सपाट, कोरी—"

"सपाट नको," तंबोरा म्हणाला.

आता कानसबाई स्तब्ध झाली.

"सपाट केलीत तर मी मी राहणार नाही, आणि तिचा तो राहणार नाही. थोडी घासा. किती थोडी, ते मला आत्ता सांगता येत नाही. घासली की कळेल. तुम्ही एकदा अंग फिरवायचं, थांबायचं, मला विचारायचं. मी तिच्याशी लावून बघेन. पुरे म्हटलं की पुरे. आणि अर्ध्यावर नको म्हटलं तर नको. चालेल का तुम्हाला? वेळ लागेल."

आजवर कुठल्या वाद्याने कानसबाईला 'चालेल का' असे विचारले नव्हते. ती उत्तर देणार तेवढ्यात तिचे तिलाच काही सुचले आणि तिने प्रामाणिकपणे सांगितले, "मला सवय नाही. मी एकदा सुरू झाले की संपेपर्यंत थांबत नाही. चूक होईल माझ्याकडून."

"आमच्याकडूनही होते," तंबोरा म्हणाला. "रोज लावून घ्यावं लागतं."

"तंबोरीकाकूंना मी काय सांगू?" नखीने विचारले. "मी त्यांना शब्द दिला होता."

"तू नको सांगूस. तिला आत आणा. मी सांगतो." मग, जन्मभर तिच्या शेजारी बसलेल्याच्या सुरात, "रागावेल. रागावू दे. तिचा राग मला लागतो बरोबर."

तंबोरी आत आली, तेव्हा ओळीतले लाकूड खरेच शहारले. पण त्यात भीती नव्हती, हे जवळ उभे राहिल्यावर कळत होते. ती त्याच्या शेजारी टेकली. सगळी हत्यारे बाहेर गेली आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. दोघांत काय बोलणे झाले ते सांधणघरात कुणालाही ठाऊक नाही. सरस अंगणात उभा होता. त्याला काही ऐकू आले का, असे पकडीने विचारले तेव्हा तो म्हणाला, "आलं असतं. म्हणूनच लांब उभा होतो."

नखी त्या रात्री विचारात गुंतून गेली. तिने मनात एक निवेदन तयार केले. उद्या सकाळी ती तंबोऱ्याच्या वतीने उभी राहणार होती. त्याचे म्हणणे तिने मुद्देसूद लावले, जिथे तो अडखळला होता तिथे चांगले शब्द घातले, आणि शेवटी दूरदेशी शिकलेले एक सुंदर वचन ठेवले. निवेदन इतके नेटके झाले की ते तंबोऱ्याचे आहे, असे कुणी म्हटले नसते.

सकाळ झाली. दोन्ही तंबोरे शेजारी शेजारी होते. एकावर एक तार, दुसऱ्यावर एक कमी. पकड दारात होती. तिच्यापुढे नुकतेच आलेले एक तुणतुणे उभे होते, आणि ती त्याच्या एकुलत्या तारेला हात न लावता त्याचे ऐकत होती. तुणतुणे बराच वेळ तेच तेच सांगत होते. पकड मान डोलवत होती.

कानसबाई घोडीपाशी आली. तिने मान तुकवली. नखी निवेदन घेऊन पुढे झाली, आणि तंबोऱ्याच्या तारेवर बसल्यावर तिला त्या तारेचा थरथराट खालून जाणवला. तो बोलायला तयार होत होता. सावकाश, जसे म्हातारे तंबोरे होतात. तिच्या निवेदनापेक्षा त्याला खूप जास्त वेळ लागणार होता. तिने निवेदन मनातल्या मनात घडी घालून ठेवले. तार आपणहून आपल्याला लोटेल तेव्हाच तिला छेडायचे, त्याआधी नाही, असे तिने ठरवले, आणि ती तारेला टेकून गप्प झाली.

कानसबाईने घोडीवरून एकदाच अंग फिरवले. पांढरी भुकटी उडाली. मग कानसबाई उचलली गेली आणि, सगळे दात शिवशिवत असताना, हवेत थांबली.

"कसं वाटतंय?" तिने विचारले.

त्याच वेळी सरस भांडे घेऊन आत आला आणि नदीकडचे दार त्याच्यामागे उघडेच राहिले. झुळूक आली. कोठीच्या भिंतीवर भोपळेराव "हूं" म्हणाले. ओळीतली सतार म्हणाली, दिलरुबा म्हणाला, आणि तंबोऱ्याच्या भेगेतून खोल, संथ, ओळखीचा आवाज आला, "हूं."

कानसबाई जागची हलली नाही. सरस दारातच उभा राहिला. तंबोरीने आपल्या उरलेल्या तारा धरून ठेवल्या.

सगळे तारेकडे बघत होते.